विषय: माजी सैनिकांसाठी लंडन–ब्राइटन–छत्री सायकलफेरी: मार्ग, हँडसायकल, पैसे

प्रेषक: कार्यक्रम समिती

सर्वांना नमस्कार,

उन्हाळ्यातल्या सायकलफेरीला कार्यकारिणीची मान्यता मिळाली आहे. क्लॅपम कॉमनहून निघून ब्राइटन, म्हणजे ५४ मैल (८७ किमी), आणि शेवटी पॅचमच्या डाउन्सवरची, म्हणजे तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवरची, छत्री हे पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक. बारा नावं आली आहेत. त्यांत एक माजी सैनिक हँडसायकलवर (हातांनी चालवायच्या सायकलवर) येतील, एकांचा गुडघ्याखाली कृत्रिम पाय आहे आणि दृष्टी गमावलेले एक जण टॅण्डमवर (दोघांच्या सायकलवर) मागे बसतील. तारीख कोणती धरावी, डिचलिंग बीकनचा चढ सगळ्यांना झेपेल का आणि देणग्या कुठल्या संस्थेला द्याव्यात, हे जाणकारांनी कृपया लिहावं.

––––

प्रेषक: सायकल गट

नमस्कार ताई,

आधी तारीख. जूनमधला रविवार नको. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची मोठी लंडन–ब्राइटन फेरी जूनमध्ये रविवारी असते आणि छत्रीवरचा वार्षिक स्मृतिसोहळाही जूनमधल्याच एका रविवारी होतो. जुलैतला शनिवार धरा. सकाळी सहाला निघालं तर मिचम आणि कारशाल्टन रहदारी वाढायच्या आत मागे पडतं.

पुढे टर्नर्स हिल, आर्डिंगली, लिंडफील्ड, डिचलिंग. बीकनची सगळ्यांना धास्ती असते, पण पाय थकतात ते टर्नर्स हिलच्या आसपासच्या चढउतारांवर, आणि बीकन येतो तो ७० किमीनंतर. चढ दीड किलोमीटरच्या आसपास, सरासरी ९ ते १० टक्के, मध्ये १६ टक्क्यांपर्यंत, माथा २४८ मीटरवर. गिअरच्या पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्याला २८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर ताशी ९ किमी वेग लागतो आणि थकलेल्या माणसाला तो १६ टक्क्यांवर ठेवता येत नाही. फेरे ४५ च्या खाली गेले की हँडल डुलायला लागतं आणि मागचा स्वार अंगावर येतो. म्हणून मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (गिअरचक्रांचा संच) लावून घ्या, मात्र आधी लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आहे का ते दुकानात विचारा. चेनची लांबीही नव्याने मोजावी लागते. हे काम फेरीच्या आदल्या आठवड्यात करू नका. नवी केबल ताणते आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये गिअर उड्या मारतात.

बारा जण एका रांगेत नकोत. सहा-सहाचे दोन गट करा आणि मध्ये गाडीला शिरता येईल इतकं अंतर ठेवा. ब्रिटनच्या २०२२ पासूनच्या हायवे कोडप्रमाणे (रस्त्याच्या नियमावलीप्रमाणे) गटाने दोघं शेजारी-शेजारी चालवायला हरकत नाही, पण मागची गाडी पुढे जाऊ पाहत असेल आणि तसं करणं सुरक्षित असेल तर एकेरी व्हायचं. प्रत्येक गटात पुढचा आणि शेवटचा स्वार ठरलेला हवा. वेग शेवटचा ठरवतो, पुढचा नाही. वेळा नोंदवून निकाल लावू नका. सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला वेगळी परवानगी लागते आणि विम्याचं कलमही बदलतं. प्रत्येकाकडे तृतीय पक्ष दायित्वाचा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) सायकल विमा हवा.

डाउन्सच्या परिसरात गारगोटीचे धारदार तुकडे पावसाने रस्त्यावर येतात. टायर फाटला तर नुसती नवी ट्यूब घालून भागत नाही, ती चिरेतून बाहेर येऊन फुटते. आतून लावायचा टायरचा तुकडा प्रत्येक गटात दोन ठेवा. ट्यूब घेताना व्हॉल्व्हची लांबी पाहा. खोल रिमला ४८ मिमीचा व्हॉल्व्ह पुरत नाही आणि हे नेमकं रस्त्याच्या कडेलाच कळतं. चेनची जोडकडी आपल्या गिअरच्या संख्येची हवी, दहाची अकराला बसत नाही.

खाण्याचं थोडक्यात: तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. रव्याचा लाडू, केळं, फॉइलमध्ये गुंडाळलेली अर्धी पुरणपोळी उत्तम. चिवडा फक्त थांब्यावर, चालत्या सायकलवर ठसका लागतो.

––––

प्रेषक: सायकल गट (हँडसायकल आणि टॅण्डम)

दादांनी मार्ग नीट सांगितला आहे, पण बीकन सगळ्यांसाठी नाही. हँडसायकलचं पुढचं चाक चालक असतं. तीव्र चढावर भार मागे सरकतो, पुढच्या चाकावरचा दाब कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर ते जागच्या जागी फिरतं. दंडात कितीही बळ असलं तरी यावर उपाय नाही. त्या स्वारांनी डिचलिंगहून पश्चिमेला वळून कीमर, हॅसक्स, मग ए-२७३ ने क्लेटन आणि पायकूम गाठावं. चढ आहे, पण पुष्कळ सौम्य. रहदारी मात्र वेगवान असते, म्हणून मागे दोन जण दिवे लावून राहोत. पायकूमपासून ए-२३ च्या कडेच्या सायकल मार्गाने पॅचमला उतरता येतं. खरं तर पूर्ण गटानेच हा रस्ता धरावा. ज्यांच्यासाठी फेरी काढली त्यांना वळणावर सोडून बाकीच्यांनी शिखर गाठायचं, हे मला पटत नाही.

हँडसायकल मोटारीच्या बॉनेटच्याही खाली असते. उंच काठीवर झेंडी आणि दिवसाही लुकलुकता मागचा दिवा हवा. ट्यूब २० किंवा २६ इंची असू शकते, आपल्या नेहमीच्या मोठ्या चाकाच्या, ७०० च्या ट्यूब कामाच्या नाहीत. चाकाचा आकार आजच विचारून घ्या. चेन लांब असते, जोडकड्या दोन ठेवा.

कण्याला इजा झालेल्या माणसाला टेकलेल्या जागी त्वचा दाबली जात असल्याचं जाणवत नाही. थांबा दर तासाला हवा आणि तिथे आसनावरून भार उचलायला वेळ द्यायचा. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर तापत जातं. पाणी पिऊन पुरत नाही, अंगावर फवारायची बाटली हवी. थांबा निवडताना आधी अपंगांचं स्वच्छतागृह पाहा, कॉफी नंतर. अशी कुलूपबंद स्वच्छतागृहं उघडणारी रडार किल्ली आयोजकांकडेही एक असावी.

कृत्रिम पायाच्या आतल्या अस्तरात घाम साचला की पाय सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या खोबणीत) सरकतो आणि कातडी सोलली जाते. कोरडा टॉवेल, जादा अस्तर, बसायला आडोसा आणि पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं वेळापत्रकात लिहा, म्हणजे कोणाला ती मागावी लागणार नाहीत.

टॅण्डमवर पुढच्याने प्रत्येक गोष्ट बोलायची: खड्डा, गिअर, पाय थांबव, डावीकडे. दोघांच्या वजनाने लांब उतारावर रिम ब्रेक तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकची टॅण्डम मिळवा. परतीला टॅण्डम आणि हँडसायकल ट्रेनमध्ये घेतील असं धरून चालू नका, व्हॅन लागेल.

छत्रीपर्यंतचा शेवटचा टप्पा पॅचमच्या उत्तरेला ए-२७ पलीकडच्या ब्रायडलवेने (घोडेस्वार आणि पादचाऱ्यांच्या वाटेने) आहे. तिथे सायकल चालते, पण पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. चुनखडीची वाट ओली असली की बारीक टायर घसरतो. सायकली खाली दोघांच्या राखणीत ठेवून चालत वर जाणं बरं. हँडसायकलवाल्यांसाठी फाटकं आणि वाट कुणी तरी आधी जाऊन मोजून यावी.

तिथे गेल्यावर मुलांना सांगा: पहिल्या महायुद्धात ब्राइटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन याच जागी झालं. स्मारकाचं अनावरण १ फेब्रुवारी १९२१ चं आणि आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. सैनिकांची नावं कोरलेलं वेगळं स्मारक जवळच आहे, ते वाचायला वेळ ठेवा.

––––

प्रेषक: खजिनदार

ताई, देणग्यांबद्दल.

बऱ्याच जणांनी अर्धी रक्कम खडकीला पाठवा असं सुचवलं आहे. तिथलं पक्षाघातग्रस्त सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आणि १९१७ मध्ये अपंग सैनिकांसाठी सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, दोन्हींबद्दलची ओढ मी समजू शकते. पण ब्रिटनमधलं आपलं मंडळ भारतीय कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत आहे. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठरावीक खातं नसेल तर आपले पैसे तिला स्वीकारता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवली तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डधारकाची (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाची) धरतात. म्हणून खडकीला देणं ज्याचं त्याने वेगळं करावं, मंडळाच्या खात्यातून नाही.

फेरीसाठी ब्रिटनमध्ये नोंदलेली एकच संस्था ठरवूया. माझं मत रॉयल कॉमनवेल्थ एक्स-सर्व्हिसेस लीगला. १९२१ पासूनची ही संस्था स्वातंत्र्यापूर्वी ब्रिटिश राजवटीच्या सैन्यात असलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मदत करते. हे लोक आता फार वृद्ध आहेत, थांबायला वेळ नाही.

गिफ्ट एडमुळे (देणगीदाराने भरलेल्या करातून सरकार संस्थेला देतं त्या भरीमुळे) २० पौंडांचे संस्थेला २५ मिळतात. त्यासाठी देणगीदाराचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड आणि ब्रिटनमध्ये कर भरत असल्याची खूण लागते. आपल्याकडची नेहमीची अडचण म्हणजे ‘अमुक परिवारातर्फे’. परिवार कर भरत नाही, एका व्यक्तीचं नाव लिहा. नवरा-बायको दोघं देणार असतील तर दोन ओळी. कंपनीची देणगी, लॉटरीची तिकिटं आणि वडापावच्या स्टॉलची विक्री यांवर गिफ्ट एड नाही, ती बेरीज वेगळ्या पानावर.

व्हॅन, इंधन, खाणं आणि जादा ट्यूब यांचा खर्च स्वारांच्या प्रवेश शुल्कातून भागवायचा. देणगीच्या रकमेला हात लावायचा नाही. शुल्कही गिफ्ट एडमध्ये बसत नाही. जर्सीवर पॉपीचं (स्मृतिदिनाच्या लाल फुलाचं) चिन्ह किंवा रेजिमेंटचा बिल्ला परवानगीशिवाय छापू नका; पॉपी रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेचं नोंदणीकृत चिन्ह आहे. पत्रकावर ‘अमुक संस्थेच्या मदतीसाठी’ असं लिहा, ‘संस्थेतर्फे’ नको. आणि रस्त्यावर डबा फिरवायचा असेल तर परवाना लागेल, तो अर्ज कोण करणार ते या रविवारपर्यंत कळवा.