वरच्या मजल्याचं कार्पेट: आधी पॅड आणि मजुरी, मग कापड. पटतंय का?

एडिसनकर

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनहाउसच्या वरच्या मजल्याचं कार्पेट यंदा बदलायचं आहे. एक १३ बाय १५ ची मास्टर बेडरूम, दोन ११ बाय १२ च्या खोल्या, १४ फूट लांब आणि ४ फूट रुंद पॅसेज आणि तेरा पायऱ्या. सध्याचं बेज पॉलिएस्टर दारापासून पलंगापर्यंत पार दबलं आहे, धुऊनही उठत नाही.

दुकानाचा माणूस मापं घेऊन गेला आणि ६४० चौरस फुटांचं एस्टिमेट आलं. कार्पेट ३.२५ डॉलर फूट म्हणजे २०८०, पॅड (कार्पेटखालचा फोमचा थर) ८५ सेंट म्हणजे ५४४, बसवायची मजुरी १.१० प्रमाणे ७०४. पायरीमागे १२ डॉलर वेगळे, ते १५६. जुनं काढून नेण्याचे ४० सेंट फूट, म्हणजे २५६. फर्निचर हलवायचे खोलीला ५० प्रमाणे १५०. बेरीज ३८९०. त्यावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स (न्यू जर्सीत ऑक्टोबर २००६ पासून कार्पेट बसवण्याच्या मजुरीवरही तो लागतो) धरून ४१४८ च्या आसपास.

आमच्या ओळखीतले सगळे म्हणतात, ३.२५ वर घासाघीस कर. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. कार्पेटचं कापड या बिलाच्या जेमतेम निम्मं आहे. खाली काय घातलंय आणि ते कोणी ताणून बसवलंय यावर कार्पेट किती वर्षं टिकणार ते ठरतं. या एस्टिमेटमधलं पॅड ६ पौंडी रीबॉन्ड आहे (फोमचे तुकडे दाबून केलेलं, पौंड म्हणजे त्याच्या घनफुटाचं वजन). फुटाला २५ सेंट जास्त देऊन ८ पौंडी मिळतं. गरज पडली तर मी कापड एक दर्जा खालचं घेईन, पण पॅड आणि कारागीर यात एक डॉलरही कमी करणार नाही. माझ्या मते बजेट याच क्रमाने करावं. विरोधी मतं ऐकायला आवडतील.

मोजपट्टी

तत्त्व मान्य, पण आकडे तपासल्याशिवाय सही करू नका. तुमच्या मापांवरून खोल्या आणि पॅसेज मिळून ५१५ चौरस फूट होतात. पायरी साधारण ३ फूट रुंद आणि पाऊल व उभा भाग मिळून दीड फूट धरली, तर तेरा पायऱ्यांचे ५९. एकूण ५७४. एस्टिमेट ६४० चं आहे.

कापडासाठी हा फरक रास्त आहे. कार्पेटचा रोल बहुतेक वेळा १२ फुटी येतो. तुमची मास्टर १३ फूट रुंद, म्हणजे एका फुटासाठी सांधा आला. लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, त्यामुळे उरलेला तुकडा कुठेही फिरवून लावता येत नाही आणि वाया जातं. काही कार्पेटं साडेतेरा फुटी रोलमध्येही मिळतात. तुम्ही निवडलेलं मिळतंय का ते विचारा, बेडरूमचा सांधाच टळेल.

पण पॅडला लव नसते. त्याचे तुकडे कसेही जोडता येतात, मग त्याचे पैसे ६४० फुटांचे का? जुनं काढायचंय तेही जमिनीवर आहे तेवढंच, त्यालाही ६४० का? पायऱ्यांचं क्षेत्रफळ मजुरीत आलंच आहे, वर पायरीमागे १२ डॉलरही आहेत. ते दोन्ही कशाचे, हे लेखी मागा. ६६ फुटांवर पॅड, मजुरी आणि काढणं मिळून १५५ डॉलर होतात. ८ पौंडी पॅडचा ५७४ फुटांचा जादा खर्च १४४ आहे. पॅड सुधारायला खिशातून वेगळं काही काढावं लागत नाही.

बारा_फुटी

मी फ्लोअरिंगच्या दुकानात मापं घ्यायचं काम केलं आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. पॅड आणि जुनं काढण्याबद्दल मोजपट्टी बरोबर आहेत, ते मागितलंत तर बरीच दुकानं कमी करतात. मजुरीवर मात्र हात घालू नका. वाया जाणारं कापडही कारागिरालाच खांद्यावरून वर न्यावं लागतं, कापावं लागतं, सांधावं लागतं. पायरीचे १२ डॉलरही कापडाच्या क्षेत्रफळाचे नाहीत. प्रत्येक पायरीच्या नाकावर (पुढच्या कडेवर) कापड वळवून ठोकायचं काम वेगळं असतं. मजुरी पाडून घेतलीत की दुकान तुमच्याकडे घाईत काम उरकणारा माणूस पाठवणार.

त्यापेक्षा एकच अट लेखी घाला: प्रत्येक खोलीत पॉवर स्ट्रेचर वापरायचं. हे लांब दांड्यांचं अवजार असतं. एक टोक समोरच्या भिंतीला टेकवतात आणि दुसऱ्या टोकाचे दात कापड ओढून भिंतीकडच्या खिळेपट्टीवर (कार्पेट पकडून ठेवणाऱ्या टोकदार खिळ्यांच्या पट्टीवर) चढवतात. नुसत्या गुडघ्याच्या धक्क्याने चालणाऱ्या नी-किकरवर मोठी खोली ताणली जात नाही. डाल्टन, जॉर्जिया इथल्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटच्या घरगुती बसवणीच्या मानकातही पॉवर स्ट्रेचर सांगितलेलं आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

लाकूडतोड्या

मला हा सगळा हिशोबच चुकीच्या वस्तूचा वाटतो. ४१४८ डॉलर घालून तुम्ही अशी वस्तू घेताय जी पुन्हा उखडून कचऱ्यातच जाणार आहे. आमच्या धाकट्याला दमा आहे आणि चाचणीत धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी पहिली सूचना दिली ती बेडरूममधलं कार्पेट काढण्याची. आम्ही वर सगळीकडे व्हिनाइल प्लँक (लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या) घातलं. आता पलंगाखालची धूळ दिसते आणि ओल्या फडक्याने निघते. लवीत किती बसलीय हे व्हॅक्यूम करणाऱ्यालाही कळत नाही.

शिवाय आपल्या घरात तेल आहे, हळद आहे, कुंकू आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाला पंचवीस बायका येतात, पोरं पानसुपारीच्या तबकात हात घालून वर पळतात. असल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड कशाला?

माळ्यावरची

दम्याचं कारण असेल तर वाद संपला, तिथे कार्पेट नकोच. पण तेवढ्यावरून सगळ्यांनी प्लँक घालावं हे पटत नाही. माझे सासू-सासरे सांगलीहून सहा-सहा महिने येऊन राहतात. दोघंही थंडीत पायात मोजे घालतात आणि मोज्यांनी गुळगुळीत पायरीवर उतरणं म्हणजे रोज जिवाला घोर. सासऱ्यांचा गुडघा बदललेला आहे. कार्पेटच्या पायरीवर ते कठडा धरून एकटे खाली येतात, मला मागे उभं राहावं लागत नाही. हा फायदा कुठल्या एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसतो, पण आमच्या घरात सगळ्यात मोठा तोच आहे.

आवाजाचंही बघा. मॅनहॅटनमध्ये असताना आमच्या लीजमध्ये ८० टक्के जमीन कार्पेटने झाकायची अट होती, आणि न्यूयॉर्कमध्ये ही अट अनेक लीजमध्ये असते. वर पोरं धावली की खालच्याच्या डोक्यात पाऊल पडतं. तुमच्या घरात खालीही तुम्हीच, पण बैठकीत ऑफिसची मीटिंग चालू असताना काय होतं ते आठवून बघा.

आणि प्लँक स्वस्त म्हणणाऱ्यांनी पायऱ्यांचं एस्टिमेट घ्यावं. प्रत्येक पायरीला नाकाची पट्टी वेगळी लागते. आमच्याकडे तेरा पायऱ्यांचाच आकडा एका बेडरूमच्या वर गेला होता.

पाच_वर्षं

एडिसनकर, एक प्रश्न कोणी विचारला नाही. या घरात किती वर्षं राहणार? मुलं हायस्कूलला गेली की मोठं घर बघणार असाल तर ८ पौंडी पॅडचे पैसे पुढच्या मालकाच्या पायाखाली जाणार. घर बघायला येणारा माणूस कार्पेट दाबून बघत नाही, रंग आणि डाग बघतो. आम्ही विकायच्या आधी सगळ्यात साधं पॉलिएस्टर घातलं. उद्देश तेवढाच होता आणि तो साधला. तुमचा क्रम कायम राहणाऱ्यांसाठी ठीक आहे, सरसकट नियम म्हणून नाही.

शिकागोकर

मी उलट टोकाचा. कापडाचा दर्जा खाली आणायला माझा सक्त विरोध आहे. पॅड कितीही चांगलं असलं तरी पॉलिएस्टरची लव दबली की उठत नाही, आणि एडिसनकर ज्याबद्दल तक्रार करताहेत ते नेमकं हेच आहे. नायलॉन पुन्हा उभं राहतं. पॅसेज आणि पायऱ्या रोज तुडवल्या जातात, तिथे नायलॉनच घ्या. बेडरूममध्ये हवं तर पॉलिएस्टर घाला. वजनाच्या आकड्याला भुलू नका. जड कार्पेट टिकाऊ असतंच असं नाही. धागा किती घट्ट पिळलाय आणि टाके किती दाट आहेत ते बघा. नमुना लवीच्या उलट दुमडा. लवीखालचं अस्तर सहज दिसलं तर तो पायऱ्यांसाठी घेऊ नका.

हळदीबद्दल लाकूडतोड्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उपाय आहे. दुकानातून दोन-तीन नमुने घरी आणा. फोडणीच्या तेलात हळद कालवून थोडी चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी दुकान सांगेल त्या क्लीनरने पुसा. आमच्या एका नमुन्यावर अमोनियाचा क्लीनर लागला आणि पिवळा डाग लालसर झाला. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, कुंकू आपण तसंच करतो. डागांच्या वॉरंटीत मोहरीचं सॉस वगळलंय का तेही वाचा. इथल्या पिवळ्या सॉसमध्ये हळदच असते, आणि वगळलं असेल तर आपल्या स्वयंपाकाला ती वॉरंटी निरुपयोगी.

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. पाच_वर्षं, आम्ही किमान दहा वर्षं इथून हलणार नाही, त्यामुळे तुमचा मुद्दा आमच्यापुरता लागू नाही. लाकूडतोड्या, मुलांना ॲलर्जी असती तर मीही तेच केलं असतं. पण हॉलमध्ये पाहुणे येतात आणि तिथे लाकूडच आहे. वरच्या मजल्यावर ताट न्यायचं नाही हा आमच्याकडे आधीपासूनचा नियम आहे.

शिकागोकर, पॅसेज आणि पायऱ्यांना नायलॉन हे मला पटलं. त्याचा भाव ४.५० मिळाला तर फरक फुटाला सव्वा डॉलर. पॅसेज ५६ आणि पायऱ्या ५९ मिळून ११५ फूट, वाया जाणारं धरून १३०. म्हणजे १६२ डॉलर वाढतील. फर्निचर आम्ही भाऊभाऊ मिळून हलवू, तिथले १५० वाचतात. जुनं कार्पेटही स्वतःच काढायचा विचार आहे. पट्ट्या कापायच्या, गुंडाळायच्या, बांधायच्या. खिळेपट्ट्या शाबूत ठेवायच्या एवढंच बघायचं. पण क्रम मी बदलत नाही: पॅड आणि कारागीर आधी.

बारा_फुटी

स्वतः काढणार असाल तर आदल्या दिवशी काढा, त्याच सकाळी नको. खालची प्लायची जमीन उघडी पडली की पूर्ण खोलीत चालून बघा आणि जिथे करकर वाजते तिथे खडूने खूण करा. खालच्या जॉइस्टमध्ये (जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळयांमध्ये) स्क्रू मारले की आवाज जातो. ही संधी पुन्हा नवं कार्पेट काढेपर्यंत येत नाही आणि खर्च स्क्रूच्या एका डब्याचा. भिंती रंगवायच्या असतील तर त्याही आधीच. घर १९८० च्या आधीचं असेल आणि कार्पेटखाली जुन्या ९ इंची टाइल्स निघाल्या तर त्यांना हात लावू नका. त्यात आणि खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या.

लाकूडतोड्या

ताटाचा नियम मुलं सात वर्षांची होईपर्यंत टिकतो, मग मित्र येतात. पण मुलांना त्रास नसेल आणि घालायचंच ठरलं असेल, तर पॅडपेक्षा आधी चांगला हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम बजेटमध्ये धरा. शिवाय बऱ्याच वॉरंटीत बारा ते अठरा महिन्यांनी गरम पाण्याने व्यावसायिक धुलाई करून पावती जपायची अट असते. दहा वर्षांत ती किमान सहा वेळा करावी लागेल. तो खर्च तुमच्या ४१४८ च्या वर येतो. कार्पेटचा खरा खर्च बसवल्यावर सुरू होतो, आणि तुमच्या क्रमात त्याला अजूनही जागा नाही.

मोजपट्टी

धुलाईचा मुद्दा बरोबर आहे, तो दरवर्षीच्या घरखर्चात धरावा. एडिसनकर, साडेतेरा फुटी रोल मिळाला नाही तर दुकानाकडून सांध्यांचा नकाशा मागून घ्या. मास्टरमधला सांधा खिडकीच्या उजेडाच्या दिशेने जाणारा हवा. उजेडाला आडवा गेला तर रोज सकाळी पडदा उघडला की तो दिसणार. आणि उरलेल्या कापडातला दोन-तीन फुटांचा एक तुकडा घरी ठेवून घ्या. पुढे कुठे भोक पडलं तर त्याच रंगाचं ठिगळ बाजारात मिळणार नाही.