भातसेचं पाणी अचानक उतरलं की मासा जातो कुठे?

कळव्याचा गळ:
नमस्कार मंडळी. भातसा नदीच्या खडवली ते पिसे या पट्ट्यात गळ टाकणाऱ्यांना विचारतोय. मार्च-एप्रिलमध्ये नदी कधी काठाला टेकलेली असते, तर कधी दोन दिवसांत फूट-दीड फूट उतरते. पाऊस नाही, धरणाचे दरवाजे बंद. मग हे कशामुळे? पाणी उतरलं की रोहू आणि शिंगटी चाऱ्याला तोंड लावत नाहीत, ती जातात कुठे? आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात, असे मासे घ्यावेत का?

शहापूरकर:
दरवाजे बंद म्हणजे पाणी बंद, हा समज आधी काढा. वरचे दरवाजे पावसाळ्यातल्या जादा पाण्यासाठी असतात. मुंबईचं पाणी वर्षभर खालून सुटतं आणि नदीच्याच पात्रातून पिसेपर्यंत येतं, तिथे उचललं जातं. म्हणजे उन्हाळ्यात भातसा हा मुंबईचा कालवाच.
मुंबई भातसेचं रोज साधारण 2,000 दशलक्ष लिटर पाणी घेते. एक क्युसेक म्हणजे दिवसाला साडेचोवीस लाख लिटर. भागाकार केला की सव्वाआठशे क्युसेकच्या आसपास येतं, ठाण्याचं वेगळं. म्हणून शेजारची काळू मे महिन्यात डोहाडोहांत तुटते आणि भातसा वाहत राहते.
आता पिसे. तिथल्या बंधाऱ्यावर 32 दरवाजे आहेत आणि प्रत्येकामागे रबरी फुगा. हवा भरली की दरवाजाचा पाट उभा राहतो, मागे पाणी तुंबतं. हवा सोडली की पाट आडवा. मार्च 2024 मध्ये यातल्या एका फुग्याला गळती लागली. दुरुस्तीसाठी पातळी 31 मीटरपर्यंत उतरवली आणि मुंबईत 15 टक्के पाणीकपात झाली. फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यावर, बसलेल्याला मात्र एवढंच दिसतं, की काल पाण्यात असलेला दगड आज कोरडा आहे.
तेव्हा आधी स्वतःची जागा ओळखा. धारेत बसला असाल तर पातळी धरणाच्या विसर्गावर हलते, फुगवट्यात असाल तर पिसेच्या पाटांवर. धरणाचा साठा बघून फुगवट्याचा अंदाज बांधता येत नाही.

डोहकाठ:
पाणी उतरायला लागलं की रोहू, कटला काठ सोडून जुन्या पात्राच्या खोल रेषेला लागतात. शिंगटी दगडांच्या कपारीत शिरते. अशा वेळी काठाजवळ गळ टाकून उपयोग नाही. उथळ संपून डोह सुरू होतो ती कड शोधा आणि चारा तिथे तळाला बसवा. गळ एक-दोन नंबर लहान, कणकेचा गोळा चण्याएवढा. लिंबाएवढा गोळा या दिवसांत नुसता भिजत पडतो.
पाणी चढताना सगळं उलटं. नुकत्या बुडालेल्या गवतातून गांडुळं, किडे बाहेर येतात आणि मासा त्यांच्या मागे काठाला येतो. पहिला तास-दीड तास गांडूळ लावा, दोन-तीन फूट पाण्यातही मिळतं. विसर्ग दोन दिवस सारखा राहिला की मासा पुन्हा नेहमीच्या जागी बसतो.
शिसं चपटं घ्या, धारेत 40 ते 60 ग्रॅम. गोल शिसं घरंगळत जाऊन कपारीत अडकतं आणि दोर तुटतो. पाग (फेकायचं जाळं) तर वाढत्या धारेत टाकूच नका. तळाला बसायच्या आधीच त्याचा झोळ होतो, मग खडकावर फाटतो.
खरं नुकसान वेगळंच. चिलापी (तिलापिया) काठाच्या उथळ पाण्यात ताटाएवढे खड्डे करून अंडी घालते. पातळी फूटभर उतरली की ते खड्डे उघडे पडतात. ती पुन्हा घालेल, चिवट जात. रोहू-मृगळाचं तसं नाही. त्यांना अंडी घालायला चढतं, वाहतं पाणी लागतं, आणि जून-जुलैत वरचं पाणी धरण भरण्यात अडकलेलं असतं. वलगण, म्हणजे अंडी घालायला धारेविरुद्ध निघालेले मासे, चढते ती ओढ्या-नाल्यांच्या पाण्यावर. ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावून पोटात गाभोळी असलेले मासे काढायचे आणि मग मासा संपला म्हणून धरणाला बोल लावायचे, हेही आपल्याकडे चालतंच.

निवळी:
पहाटे तोंडं उघडणं म्हणजे बहुतेक वेळा प्राणवायू कमी. वाहतं पाणी घटलं, त्यात जलपर्णी किंवा शेवाळ दाट असलं, की रात्रभर झाडोरा प्राणवायू ओढतो आणि सूर्योदयाआधी पाणी सगळ्यात वाईट असतं. उन्हाळ्यात धरणाच्या तळाचं पाणीही तसंच असतं, थंड आणि प्राणवायू नसलेलं. सुटलं की धरणाजवळच्या पट्ट्यात सडक्या अंड्यांसारखा वास येतो. दगडांवरून आपटत चार-पाच किलोमीटर गेलं की ते बरंच सुधारतं.
ओळखायचं असं: प्राणवायू कमी असेल तर मोठे मासे आधी जातात, कोळंबी काठाला चढते आणि ऊन वर आलं की उरलेले सावरतात. मरळ आणि मागूर वरची हवा घेऊ शकतात, ते टिकतात. मरळही उलटी तरंगताना दिसली किंवा बारीक मासळी आधी मेली, तर पाण्यात काहीतरी सोडलंय असं समजा. त्यातलं काहीही उचलू नका, जनावरंही पाण्यावर नेऊ नका. नुसता तोंड उघडणारा जिवंत मासा खायला चालतो. मेलेला कधी मेला ते कळत नाही, म्हणून तो नकोच.

कळव्याचा गळ:
मरळीची खूण माहीतच नव्हती, आभार. पावसाळ्यात बदलापूरच्या बाजूला, बारवी धरणाखाली बसायचं असेल तर हेच लागू?

शहापूरकर:
पावसाळ्यात तिथे बसूच नका. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी 72.60 मीटरला पोचलं की पाण्याच्या दाबानेच ते उघडतात, कुणी चावी फिरवायची वाट बघत नाहीत. धरण भरत आल्याची बातमी दिसली की बारवीचं पात्र आणि खालची उल्हास, दोन्ही सोडा. इतर दिवशी कुठेही बसलात तरी काठाच्या दगडावर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. दोन इंच चढलं की सामान गुंडाळायचं. गळाला मासा असला तरी दोर कापून निघायचं. आणि नदीच्या मधल्या खडकावर बसायचं नाही, कारण पाणी आधी मागच्या घळीत शिरतं आणि परतीची वाट तीच असते.