मदत हवी आहे: एडीएचडी आणि धंद्याची घडी

मंडळी, कोल्हापुरात चपलांचा छोटा धंदा आहे माझा. गेल्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, गोष्टी राहून जातात, तो त्रास) निदान झालं. चामडं पारखणं, गिऱ्हाईक सांभाळणं झकास. पण हिशोब समोर आला की डोकं बंद! २० तारखेचं जीएसटीआर-३बी (दर महिन्याचं जीएसटी रिटर्न) राहतं, दिवसाला ५० रुपये लेट फी चढते. ऑर्डरी कधी व्हॉट्सॲपवर, कधी खोक्याच्या झाकणावर. (एक झाकण परवा रद्दीत गेलं.)

सीए म्हणतात, तिमाही रिटर्न घ्या. पण त्यातही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचाच. शिवाय रिटर्नची तारीख लांब गेली की मी हमखास विसरणार.

असं डोकं असूनही कुणी घडी बसवलीय का? ऑर्डर, उधारी, कर एका जागी कसं ठेवता? 'शिस्त लाव' सोडून काहीही सांगा.