पैठणीच्या फोटोंना मेटॅलिक कागद: सगळ्यांना घ्यावा की निवडक?

मागाशेजारी_पैठण

नमस्कार. मी पैठणची. गावातल्या विणकरांचे फोटो बरेच दिवस काढतेय आणि येत्या हिवाळ्यात संभाजीनगरला प्रदर्शन लावायचं ठरलंय. हॉल भाड्याचा आहे. भिंती पांढऱ्या, छताला ट्यूबलाइटच्या रांगा.

फोटो चार तऱ्हेचे आहेत. पदराचे अगदी जवळून घेतलेले, जरीच्या जमिनीवर रेशमाची बांगडी मोर, मुनिया, असावली ही नक्षी. मागावर बसलेल्या बायकांचे चेहरे आणि हात. नाथसागरावरची सकाळ, पाण्यावर ऊन आडवं आलेलं. आणि नाथषष्ठीचे वारकरी, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, फाल्गुनातलं कडक ऊन.

प्रिंट काढून देणारे म्हणाले, सगळेच मेटॅलिक, म्हणजे धातूसारखी झाक असलेल्या कागदावर काढा, लोक थांबून बघतात. त्यांनी दाखवलेला नमुना रात्रीच्या दिव्यांनी भरलेल्या पुलाचा होता आणि खरंच नजर हटेना. पण माझ्या फोटोंचं काय होईल ते कळत नाही. जरी जरीसारखी दिसावी एवढीच माझी फार इच्छा आहे. साध्या ग्लॉसीवर ती नुसती पिवळी दिसते आणि मॅटवर तर हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी.

कोणता कागद घ्यावा, काच लावावी का, आणि ट्यूबलाइटखाली ही चमक दिसते का? विणणाऱ्या बायका स्वतः बघायला येणार आहेत. त्यांना जरी खोटी वाटली तर बाकीच्यांच्या कौतुकाचं मला काही वाटणार नाही.

लातूरकर_प्रिंट

ताई, सगळे मेटॅलिकवर काढू नका. पदराचे मात्र जरूर काढा. मी लातूरला प्रिंटचंच काम करायलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारण कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

फोटो छापायच्या इंकजेट प्रिंटरात पांढरी शाई नसते. फोटोतला पांढरा म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा, शाई न पडलेली जागा. मेटॅलिक कागदाची चमक बहुधा धातूची नसते. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर देऊन मोतिया रंगद्रव्य करतात, ते कागदात असतं. म्हणजे चमक शाईच्या खालून वर येते. शाई पातळ तिथं ती जास्त दिसते, शाई दाट तिथं झाकली जाते. हे एवढं लक्षात ठेवून आपले फोटो एकेक करून बघा.

पदरात जरीचा सोनेरी म्हणजे पिवळ्या शाईचे विरळ थेंब, त्यात किंचित लालसर, आणि मधून उघडा कागद. तिथून झाक वर येते आणि बघणारा पाऊलभर सरकला की उजेडही जरीवरून सरकतो. खऱ्या पदरावरही असंच होतं. मोराचं हिरवं, काठाचं राणी, हे दाट रंग, त्यांच्यावर शाई भरपूर, म्हणून ते त्यामानानं शांत राहतात. जरीची तार चमकतेय आणि रेशीम आपल्या जागी स्थिर आहे, हा फरक मला दुसऱ्या कुठल्याही कागदावर मिळालेला नाही. या कागदाला याहून योग्य विषय मला तरी सुचत नाही.

मात्र एक गोष्ट छापायच्या आधी तपासा. जरीवरचे सगळ्यात उजळ ठिपके फाइलमध्ये फुटलेले नकोत. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल २५५ वर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, गेले की तिथं शाईच पडत नाही, नुसता कागद राहतो, आणि तो रुपेरी आहे, सोनेरी नाही. साध्या कागदावर असा ठिपका पांढरा म्हणून खपून जातो. इथं खपत नाही.

वारकऱ्यांचं अगदी उलटं. धोतर पांढरं, म्हणजे उघडा कागद. मेटॅलिकचा पांढरा चांगल्या ग्लॉसीपेक्षा थोडा करडाच असतो. एका बाजूनं बघितलं तर धोतर चांदीचं, दुसऱ्या बाजूनं मळकं. कडक उन्हातलं सुती कापड असं दिसणं मला सहन होत नाही. ते फोटो मॅट सुती कागदावर काढा. वेरूळचे फोटो घेऊन येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. बेसॉल्टला चकाकी दिली की त्याचा दगडपणा जातो.

चेहऱ्यांना लस्टर, म्हणजे ग्लॉसी आणि मॅटच्या मधला कागद. कपाळावर, गालावर उजेड पडतो तिथं मेटॅलिक कातडीला पत्र्याची झाक देतो. नाथसागराचं मात्र फोटोवर आहे. आकाश गडद आणि पाणी उजळ असेल तर सुंदर येईल. आकाशही फिकट असेल तर तेही पाण्याइतकंच चमकणार आणि दोन्ही एकच वाटणार.

आता कागद. रेझिन कोटेडमध्ये, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या कागदांत, इलफर्ड गॅलरी मेटॅलिक ग्लॉस आणि मोआब स्लिकरॉक मेटॅलिक पर्ल, दोन्ही चौरस मीटरला २६० ग्रॅमचे. गुळगुळीत, झगझगीत. हानेम्यूले फोटो रॅग मेटॅलिक ३४० ग्रॅमचा, पूर्ण सुती. महाग पडतो, पण हातात घेतल्यावर प्लास्टिक वाटत नाही. पदरांसाठी मी हाच घेईन. तुमचा विषयच कापडाचा आहे, कागदातही सूत असलेलं बरं. स्लिकरॉकचा मेटॅलिक सिल्व्हर म्हणून ३०० ग्रॅमचा एक येतो, त्याचा तळच रुपेरी करडा आहे, त्यात पांढरं असं काही उरतच नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधले कृष्णधवल फोटो मी त्यावर छापलेत आणि लोखंडाचा थंडपणा जसाच्या तसा उतरला. तुमच्या सोनेरीला तो मारून टाकेल.

छापणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. शाई डाय (विरघळलेला रंग) आहे की पिगमेंट (रंगाचे बारीक कण)? डायची चकाकी एकसारखी येते, पण उजेडात लवकर उडते. पिगमेंट टिकते, पण शाई असलेली आणि नसलेली जागा तिरप्या नजरेला वेगळी दिसू शकते. काही प्रिंटरांत त्यासाठी वरून पारदर्शक थर देणारी वेगळी टाकी असते. काळी शाई फोटो ब्लॅकच हवी, मॅट ब्लॅक चालणार नाही. आणि प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवून देणारी फाइल, त्याच कागदाचं, त्याच प्रिंटरचं असावं.

तरीही स्क्रीनवरच्या प्रूफवर विसंबू नका. प्रोफाइल करणारं यंत्र ४५ अंशातून उजेड टाकतं आणि समोरून वाचतं. आरशासारखा परतणारा उजेड त्यात मुद्दाम वगळलेला असतो. म्हणजे रंग बरोबर कळतील, चमक कळणार नाही. एका ए३ प्लस कागदावर एकाच पदराच्या पट्ट्या काढून घ्या, मधले टोन थोडे थोडे उजळ करत. आणि त्या पट्ट्या दुकानात नाही, हॉलमध्ये लावून बघा.

गोदाकाठ_नांदेड

दादांनी कागदाचं नीट सांगितलंय. मी उजेडाचं लिहितो, कारण तुमच्या प्रदर्शनाचं खरं दुखणं छताला आहे.

ट्यूबलाइटच्या रांगा म्हणजे सगळीकडून सारखा पसरलेला उजेड. त्यात मेटॅलिक प्रिंट जवळजवळ साध्या ग्लॉसीसारखी दिसते, वर आणखी थोडी काळपट. आणि प्रिंटला जरा जरी बाक असला तरी ट्यूबची लांब पांढरी रेघ त्यात उमटते. या कागदाला एका ठिकाणाहून येणारा उजेड पाहिजे. पदरांची भिंत एकच ठेवा, त्या भिंतीपुढच्या ट्यूब बंद करा आणि स्पॉट भाड्यानं आणा. उभ्या भिंतीपासून साधारण ३० अंशांचा कोन धरतात, म्हणजे दिव्याची तिरीप बघणाऱ्याच्या डोळ्यात येत नाही. तिथून सुरुवात करा आणि दिवा हळूहळू पुढं-मागं करून जरीची तार कुठं जिवंत होते ते बघा. एलईडीचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा मागा आणि उजेड ऊबदार, ३००० केल्विनच्या आसपासचा. थंड पांढऱ्या उजेडात सोनेरी हिरवट होतं.

काचेबद्दल. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के. कागदाच्या झाकेवर ही दुसरी झाक बसते आणि दोन्हींची गल्लत होते. नॉन-ग्लेअर म्हणून जी खरखरीत काच मिळते ती तर घेऊच नका, कागदासाठी दिलेले पैसे तिथंच संपतात. म्युझियम ग्लास, म्हणजे उजेड परत न फेकण्यासाठी लेप दिलेली काच, उत्तम, पण महाग. थोड्या दिवसांचं प्रदर्शन असेल तर मी पदर उघडेच लावीन आणि पुढं दोरी बांधीन. काच लावणारच असाल तर प्रिंट निदान २४ तास मोकळी सुकू द्या, नाहीतर शाईतले द्रव आतून काचेवर धुकं धरतात.

चेहऱ्यांबाबत मात्र मी लातूरच्या दादांशी पूर्ण सहमत नाही. खिडकीतून एका बाजूनं उजेड आलेला, बाकी सगळं अंधारात, असा सावळा चेहरा कृष्णधवल करून मेटॅलिकवर काढा आणि मग बोला. बिदरी कामात काळ्यावर चांदीची तार जशी उठून दिसते तसं काहीतरी त्यात होतं. सगळे चेहरे नाही, पण एखादा असेल तर टाळू नका.

लातूरकर_प्रिंट

कृष्णधवलचा मुद्दा मान्य. रंगीत चेहऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे.

मागाशेजारी_पैठण

दोघांचे मनापासून आभार. पट्ट्या काढून आणल्या, रेझिन कोटेडवरही आणि सुती मेटॅलिकवरही, आणि हॉल बघायला गेले तेव्हा शेजारच्या विणकर मावशींना सोबत नेलं. त्यांनी एक जुना पदर बरोबर घेतला होता. तो भिंतीवर पट्ट्यांच्या शेजारी टाचला.

ट्यूबखाली काहीच नाही, नांदेडच्या दादांनी लिहिलं तसंच. मग ट्यूब बंद करून एक क्लॅम्पचा दिवा बाजूनं धरला, आणि पट्टीतली जर आणि पदरातली जर एकदम जागी झाली. मावशी पुढं-मागं चालून बघत राहिल्या. त्यांना सुती कागदावरची पट्टी आवडली. पण सगळ्यात उजळ पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं सोनेरी धागा संपून रुपेरी का लावला?" मोराच्या गळ्याखालची जागा होती. फाइल उघडून बघितली तर नेमके तेच ठिपके २५५ ला टेकलेले.

वारकरी मॅट सुतीवर, चेहरे लस्टरवर, हे ठरलं. खिडकीजवळच्या एका आजींचा फोटो कृष्णधवल करून बघणार आहे. आता विचारायचं ते असं की रुपेरी ठिपके काढायला सगळी पट्टीच गडद करावी लागेल का? तसं केलं तर मधली जर मंद होते.

लातूरकर_प्रिंट

मावशींची नजर पक्की आहे. त्यांना शेवटच्या प्रिंटपर्यंत सोडू नका.

नाही, सगळं गडद करायची गरज नाही. मधले टोन आहेत तसेच राहू द्या. कर्व्हमध्ये, म्हणजे उजळ-गडद बदलायच्या आलेखात, फक्त वरचं टोक खाली घ्या, आणि तेही तिन्ही चॅनेलना सारखं नको. निळा जास्त खाली आणा, हिरवा थोडा, लाल अगदी नावाला. म्हणजे त्या ठिपक्यांवर पिवळ्या शाईचा एक विरळ थर नक्की पडेल आणि खालची झाक त्यातून सोनेरी होऊन वर येईल. हे मास्क करून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त जरीवर करा, नाहीतर पांढऱ्या रेशमाच्या बुट्ट्या पिवळ्या पडतील. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ फाइल) असेल तर आधी तिथूनच उजळ भागातला तपशील परत येतो का बघा. जे खरोखर फुटलंय तिथं रंग भरता येतो, धाग्याची वीण परत येत नाही. मोराच्या गळ्याची वीण गेली असेल तर त्याच पदराचा दुसरा फोटो निवडा.

आणखी एक, आपल्याकडच्या हवेचं. कोरड्या दिवसांत कागदावर स्थिर वीज धरते आणि धूळ ओढली जाते. धुळीच्या कणावर शाई पडते, नंतर कण गळतो आणि खाली उघडा चमकता ठिपका राहतो. जरीत तो लपेल, पण मोराच्या हिरव्यात लांबून दिसेल. छापणाऱ्याला सांगा, प्रत्येक कागद आत घालण्याआधी मऊ ब्रशनं झाडायचा आणि कडेनंच धरायचा, सुती हातमोजे घालून. छापून झाल्यावर फडक्यानं पुसायचं नाही, नुसती हवा मारायची, कारण या पृष्ठावर ओरखडा लगेच उठतो. प्रदर्शनातही रोज सकाळी तेवढंच करा.

नवीन पट्ट्या काढल्या की मावशी काय म्हणाल्या ते इथं लिहा.