कॉर्नफ्लॉवरला मराठीत काय म्हणावं?

परसबाग: बागकामावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात कॉर्नफ्लॉवर बियांपासून कसं वाढवायचं ते दिलंय. युरोपातलं निळं, कातरलेल्या पाकळ्यांचं फूल. पण आपल्या स्वयंपाकघरात कॉर्नफ्लॉवर म्हणजे सूप दाट करायची पांढरी पूड. 'मक्याचं फूल' असं एकीने सुचवलं, पण मक्याला तर तुरा येतो. काय लिहू?

जर्मनवाली: मका अजिबात नको. ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे धान्य, मुख्यतः गहू. जर्मन 'कोर्नब्लूमं'मधलं कोर्नही धान्यच. एस्टोनियाचं ते राष्ट्रीय फूल. तिथे नाव 'रुक्किलिल', म्हणजे राय नावाच्या धान्याचं फूल. मुळात हे शेतातलं तण. तणनाशकं आली आणि शेतांतून दिसेनासं झालं.

जुनापाटी: 'नीलपुष्प' लिहा. आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला?

जर्मनवाली: गोकर्णही निळीच की हो, काका.

जुनापाटी: फ्रेंच लोक याला 'ब्लुए' म्हणतात, तेही निळेपणावरूनच. त्यांना चालतं, मग आपल्यालाच का अडावं?

गच्चीवरून: नाव काहीही ठेवा, पण लेखात 'बी लावा' असेल तर ते आधी बदला. रोप लावतात, बी पेरतात. आणि हे बी तर टोकायचंच. हातावर घेऊन बघा: राखाडी, चकचकीत, गव्हाहून बारीक, एका टोकाला तांबूस केसांचा आखूड झुपका. मी नोव्हेंबरात कुंडीत सेंटिमीटरभर खोल टोकलं होतं. उघडं ठेवू नका, याला अंधार लागतो. नवव्या दिवशी कोंब दिसले. सोटमूळ सरळ खाली जातं, त्यामुळे रोप हलवलं की रुसतं. म्हणून जागेवरच टोकावं आणि विरळणी करून वीतभर अंतर ठेवावं.

परसबाग: पुण्यात आम्ही सगळे 'मेथी लावली' असंच म्हणतो. माझी आईसुद्धा म्हणते. ते चूक कसं?

जुनापाटी: सगळे म्हणतात म्हणून बरोबर होत नाही. 'टोकणे' नेमका शब्द आहे. बोटाच्या टोकाने भोक पाडायचं, म्हणून टोकणे.

कपाशीवाला: काका, आमच्या अकोल्याकडे सरकी 'टोबतात'. त्यात टोक कुठे आलं? मला तर हा 'टोचणे'चा भाऊ वाटतो. आमची आजी काडीने भोक पाडायची, दोन-तीन सरक्या टाकायची आणि पायाच्या अंगठ्याने माती लोटायची. तेवढ्या सगळ्याला मिळून टोबणं.

गच्चीवरून: अंगठ्याने माती लोटणं साताऱ्याकडेही पाहिलंय, पण शब्द टोकणेच.

परसबाग: 'टोकावं' घेते, पटलं. फुलाच्या नावाची जागा अजून कोरी आहे, उद्या लेख द्यायचाय.

जुनापाटी: देऊ या नाव. कपाशीवाले, 'टोबणे' बुलढाण्यातही म्हणतात का?