माणूस खालून हाका मारतोय, तरी उजाडेपर्यंत थांबायचं?

कातळवाट
गेल्या पावसाळ्यात घळीत अडकलेल्या एका मुलासाठी आमची टीम रात्री साडेदहाला कड्यावर पोचली. धुकं इतकं, की हेडटॉर्चचा उजेड हातभर पुढे जाऊन पांढरा व्हायचा. वरून दगड सुटत होते. मुलगा खालून बोलत होता, पाय दुखावलाय म्हणाला. आमच्या म्होरक्याने सांगितलं, उजाडल्यावर उतरायचं. मुलाचा मामा तिथेच होता, त्याने आमच्यातल्या एकाची कॉलर धरली. पहाटे उतरलो, आठच्या सुमारास मुलगा वर आला. तरी गावभर आम्ही घाबरट ठरलो.

माझं मत स्पष्ट आहे. सोडवायला जाणाऱ्याला 'आत्ता नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि तो निर्णय कड्यावर उभ्या असलेल्या म्होरक्याचाच हवा. नातेवाइकांचा नाही, फोनवरून विचारणाऱ्या पुढाऱ्याचा तर नाहीच. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत आदल्या दिवशी बुडालेल्या तरुणाला शोधताना एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) बोट उलटली आणि तीन जवान गेले. दरड कोसळलेल्या इर्शाळवाडीला २०२३ च्या जुलैत मदतीला निघालेले अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. तिथेही अंधार नि पावसामुळे रात्री शोध थांबवावा लागला होता. तो भित्रेपणा होता का?

निशिगंध
मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. तुमचा निर्णय मला पटलेला नाही. 'मुलगा बोलत होता' यावर तुम्ही फार भिस्त ठेवलीत. पोटातला रक्तस्राव वरून दिसत नाही, पेशंट तासभर नीट बोलतो आणि मग एकदम ढासळतो. दुसरं म्हणजे गारठा. बर्फ नसला तरी भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेल्या माणसाचं अंग रात्रभरात धोकादायक थंड पडू शकतं. कुडकुडणं थांबलं की सोबतच्यांना वाटतं बरं वाटतंय, पण बऱ्याचदा तीच बिघडल्याची खूण असते. सात तास एकट्याला ठेवणं हासुद्धा धोकाच आहे, फक्त तो तुम्ही पत्करलेला नाही, त्याने सोसलाय.

कातळवाट
निशिगंधताई, शेवटचं वाक्य लागलं, आणि ते खरं आहे. पण त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. दोराला बांधून सॅक सोडली होती: प्लॅस्टिकचा कागद, कोरडा टीशर्ट, बिस्किटं, शिट्टी. ओली बनियन काढायला लावली, सॅकवर बसायला सांगितलं. दर पंधरा मिनिटांनी हाक देऊन त्याच्याकडून घरचा पत्ता वदवून घेत होतो. जीभ अडखळली असती तर उतरायचं, हे ठरलेलं होतं. दोघांनी हार्नेस, म्हणजे दोराला अडकवायचे कमरपट्टे, अंगावरून उतरवलेच नाहीत. तो दोरावर बेशुद्ध लटकलेला असता तर थांबायचा प्रश्नच नव्हता, तिथे काही मिनिटांचाच खेळ असतो. पोटातल्या रक्तस्रावाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

घाटमाथा
मूळ चूक त्या मुलाची. वाट चुकल्यावर ओढ्याच्या कडेने उतरला असणार. सह्याद्रीत पाणी गावात नेत नाही, आधी कड्यावर नेतं. जांभा-बिंभा सोडा, इथला काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांचा आहे. एक टप्पा घसरून उतरता येतो, पुढचा दोनशे फुटांचा असतो आणि मागचा परत चढता येत नाही. चुकलात तर जिथे आहात तिथे बसा. आणि जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश मोडून धबधब्यावर जाणाऱ्यांकडून सुटकेचा खर्च वसूल करा.

निशिगंध
खर्च वसूल करायला लागलात तर पोरं फोनच उशिरा करतील. संध्याकाळी सहाचा फोन रात्री अकराला येईल. माझा याला ठाम विरोध आहे.

वाडीवरचा
तुम्ही सगळे शहरातून निघून पोचणाऱ्या टीमबद्दल बोलताय. तुम्ही येईपर्यंत तीन-चार तास जातात. तेवढ्या वेळात खाली कोण गेलेलं असतं? आमच्या वाडीतलं कुणीतरी. माझा चुलता असा दोनदा उतरलाय. पायात रबरी चप्पल, कमरेला कोयता, खांद्यावर बैलाचा दोर. त्याला 'आत्ता नाही' म्हणायची सोय नाही. पोलीस पाटील दारात उभे, लोक म्हणतात तुला वाट माहिती आहे. त्याचा विमा नाही, बातमीत नाव नाही. दुसऱ्या वेळेला मनगट मोडलं, भाताची लावणी बायकोने मजूर लावून उरकली. म्होरक्याचा अधिकार वगैरे ठीक आहे, पण तो आमच्या चुलत्याला कोण देणार?

कातळवाट
भाऊ, हे मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. त्या रात्री आम्हाला कड्यापर्यंत नेणारे एक काका होते. पहाटे नाळेच्या, म्हणजे त्या उभ्या घळीच्या, तोंडाशी खालचा टप्पा बघायला सगळ्यात पुढे तेच वाकले. आम्हा आठही जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्यांच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ होती. माझ्या सॅकमध्ये एक जादा हेल्मेट होतं, अडकलेल्या मुलासाठी आणलेलं.