सिद्धान्ताचे ‘भाकीत’ की ‘फलित’?

प्रश्न: वैज्ञानिक वास्तववादावर, म्हणजे विज्ञानाचे यशस्वी सिद्धान्त जगाबद्दल खरे असतात या मतावर, लेख लिहितेय. मुख्य युक्तिवाद तत्त्वज्ञ पटनमचा, १९७५ सालचा: सिद्धान्त निदान ढोबळमानाने खरे नसतील, तर विज्ञानाचे यश हा चमत्कारच म्हणावा लागेल. हे यश म्हणजे मुख्यतः अचूक भाकिते. पण ‘भाकीत’ म्हटले की कुंडलीच डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द आहे का?

उत्तर: ‘फलित’ घ्या. गृहीतकांतून तर्काने निघते ते फलित. (ज्योतिषांनी हाही पळवलाय म्हणा!) शिवाय भाकीत पुढच्या काळाचे असते. बुधाची कक्षा हिशेबापेक्षा जास्त सरकते हे १८५९ पासून माहीत होते. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक आइन्स्टाइनने १९१५ साली जुळवला. जुन्या गोष्टीचे भाकीत कसले?

दुसरे उत्तर: फलितात जोखीम नाही हो. १८१८ च्या सुमारास फ्रेनेलने प्रकाश म्हणजे लाटा असा निबंध पॅरिसच्या अकादमीच्या स्पर्धेला दिला. परीक्षकांतला प्वासाँ कणवादी. फ्रेनेलचेच गणित चालवून तो म्हणाला, मग गोल चकतीच्या सावलीच्या बरोब्बर मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा, म्हणजे सगळेच हास्यास्पद. आरागोने प्रयोग केला, तर ठिपका हजर! फलित प्वासाँलाही मान्यच होते. सिद्धान्त दिलेल्या शब्दाला जागतो का, एवढेच बघायचे होते. ‘भाक’ म्हणजे वचन, आणि ‘भाकीत’ मला त्याच घरातले वाटते. त्यात काळापेक्षा बांधिलकी मोठी. तो ठिपका मराल्दीने १७२३ मध्येच पाहिला होता, नंतर सगळे विसरले. म्हणून भाकीत खोटे झाले का? बुधाच्या विकलाही आइन्स्टाइनने समीकरणांत आधीपासून कालवलेल्या नव्हत्या.

प्रश्नकर्ती: पटले, ‘भाकीत’च ठेवते. पण फ्रेनेल ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारे माध्यम, मानायचा. ईथर गेले, ठिपका राहिला. ‘भाकीत खरे ठरले’ आणि ‘सिद्धान्त खरा ठरला’, दोन्हीकडे ‘खरे’च लिहिले तर लाउडनचा १९८१ चा आक्षेप (यशस्वी सिद्धान्तही पुढे खोटे ठरलेत) वाचकाला दिसणारच नाही.

दुसरे उत्तर: मग भाकीत ‘जुळले’ म्हणा आणि ‘खरा’ सिद्धान्तापुरता राखून ठेवा. वास्तववादी जुळण्यावरून खरेपणावर उडी घेतो. वास्तववाद न मानणारा तत्त्वज्ञ व्हान फ्रासेन म्हणतो, जुळतेय ना, मग तिथेच थांबा. एकच शब्द वापरलात तर भांडण कशावरून हेच कळणार नाही. आणि ‘वास्तववादी’ची व्याख्या पहिल्याच परिच्छेदात द्या. परवा एकाने त्याचा अर्थ सरळ ‘व्यवहारी’ असा घेतला होता.